नेम, नजर आणि तांबडा ठिपका

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमचे एक स्नेही घरी आले. धानाचा व्यवहार करणाऱ्या मंडळींपैकी ते एक. हंगामाच्या दिवसांत रोकड घेऊन सौंदडहून साकोलीकडे अगर अर्जुनीकडे तिन्हीसांजेला जावे लागे, म्हणून फार वर्षांपूर्वी त्यांनी रीतसर परवाना काढून ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले होते. आता त्यांनी पंचावन्नी ओलांडली आहे. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग ते हळूच म्हणाले, "गुरुजी, अलीकडे बंदुकीची माशी नीट दिसत नाही हो. भाचा म्हणतो, मामा, त्यावर रेड डॉट बसवून घ्या, म्हणजे डोळ्यांचा प्रश्नच मिटला. तुम्ही जन्मभर विज्ञान शिकवलंत. तुम्हीच सांगा, बसवू का?"

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. पुढे त्याचा विचार करीत गेलो तसे ध्यानात आले की, यात प्रकाशशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे, कायदा आहे, खेळाचे नियम आहेत आणि सरतेशेवटी माणसाने स्वतःशी प्रामाणिक असण्याचाही भाग आहे. श्रोत्यांपैकी फार थोड्यांच्या घरी पिस्तूल असेल. परंतु शेजाऱ्याच्या घरी असू शकते, आणि त्याची चुकलेली गोळी कोठेतरी जाऊन थांबणारच. म्हणून हा विषय केवळ परवानाधारकांचा आहे असे आम्ही मानीत नाही.

प्रथम नेम धरणे म्हणजे काय ते पाहू. गवंडी भिंत बांधताना दोन टोकांना दोरी बांधतो आणि मधली प्रत्येक वीट त्या दोरीच्या ओळीत बसवतो. पिस्तुलावर अशी दोरी नसते. तिची दोन टोके तेवढी असतात. मूठ धरलेल्या हाताच्या बाजूला एक खाच असते आणि नळीच्या तोंडाशी एक छोटा उंचवटा असतो, त्याला आपण माशी म्हणतो. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, दोहोंचे माथे एका पातळीत आणि त्यापुढे लक्ष्य, अशी ओळ साधली की नेम झाला.

आता गंमत पाहा. खाच आणि माशी यांच्यातील अंतर पिस्तुलात फारच थोडे असते. ते १५ सेंटिमीटर धरले आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी जवळजवळ १७ सेंटिमीटर बाजूला जाते. साधे त्रैराशिक आहे, शाळेतला मुलगाही करील. लांब नळीच्या बंदुकीत हे अंतर मोठे असल्याने चूक तितकी फुगत नाही. पिस्तूल हे अवघड शस्त्र आहे ते यामुळे. सिनेमातला नायक धावता धावता नेम साधतो. प्रत्यक्षात उभ्या राहिलेल्या माणसालाही तो साधत नाही.

दुसरी अडचण डोळ्याची. खाच, माशी आणि लक्ष्य या तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात, आणि डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहता येते. मग कोणती वस्तू स्पष्ट पाहायची? आपल्या मनात लहानपणापासून अर्जुनाची गोष्ट ठसलेली आहे. द्रोणाचार्यांनी विचारले, काय दिसते? अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, केवळ पक्ष्याचा डोळा दिसला. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र हा धडा उलटा वाचावा लागतो. येथे लक्ष्याकडे टक लावणाऱ्याचा नेम चुकतो, कारण त्याला माशी अंधुक दिसते आणि ती एक मिलिमीटर सरकली तरी उमगत नाही. म्हणून शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात, माशी स्वच्छ पाहा, लक्ष्य धूसर राहिले तरी चालेल. समोरच्या वस्तूवरून नजर काढून हातातल्या लोखंडाच्या तुकड्यावर ती ठेवणे मनाला जड जाते. पिस्तुलबाजीतील निम्मी साधना एवढीच आहे.

आता आमच्या स्नेह्यांचे दुखणे काय ते कळेल. हात पुढे ताणला म्हणजे माशी डोळ्यापासून सुमारे ६० ते ७० सेंटिमीटरवर असते. तरुणपणी डोळ्यातील भिंग लवचिक असते. जवळची वस्तू पाहायची झाली की ते फुगते, दूरचे पाहायचे झाले की सपाट होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते. चाळिशी उलटली की वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते, आणि आपल्या भाषेने त्या चष्म्याला 'चाळिशी' हेच नाव दिले आहे. वय आणखी वाढले की लांब केलेल्या हाताच्या टोकाशी असलेली वस्तूही धूसर होते. हा रोग नव्हे, सर्वांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे.

या ठिकाणी तांबडा ठिपका कामाला येतो. त्याची मूळ कल्पना जुनी आहे. १९०० साली डब्लिनचे दुर्बिणी बनविणारे कारागीर सर हॉवर्ड ग्रब यांनी ती मांडली. हे नाव महाराष्ट्राला अगदीच परके नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली, तिची मोठी दुर्बीण याच ग्रबच्या कारखान्यातून आली होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. ज्याने आपल्याला तारे दाखविणारे यंत्र दिले त्याच माणसाला बंदुकीच्या नेमाचाही प्रश्न सुचला, कारण दोन्हींचे शास्त्र एकच आहे.

ते शास्त्र असे. वक्र आरशाच्या केंद्रबिंदूशी दिवा ठेवला तर आरशावरून परतणारे किरण एकमेकांना समांतर निघतात. मोटारीच्या पुढच्या दिव्यात आपण हेच पाहतो. समांतर किरण डोळ्यात शिरले की डोळ्याला वाटते, ही वस्तू फार दूर आहे, ताऱ्याइतकी दूर. आता आरशाऐवजी काचेचा वक्र तुकडा घ्या आणि त्यावर असा लेप द्या की तो तांबडा प्रकाश परत पाठवील आणि बाकीचा आरपार जाऊ देईल. त्या काचेतून पाहिले तर समोरचे दृश्य दिसते आणि त्या दृश्यावर, जणू लक्ष्यापाशीच, एक तांबडा ठिपका तरंगताना दिसतो. खाच नको, माशी नको. तीन अंतरांचे एकच अंतर झाले. डोळा काचेमागे थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा हलत नाही.

ही युक्ती आधी लढाऊ विमानांत वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांपुढे अशी काच असे. हातातल्या शस्त्रावर ती यायला छोटा दिवा आणि छोटी बॅटरी हवी होती. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तांबडा प्रकाश देणारा अर्धवाहक दिवा, ज्याला आज आपण एल.ई.डी. म्हणतो, तो करून दाखविला आणि १९७५ च्या सुमारास स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारे असे साधन बाजारात आणले. पुढे ते लहान होत होत काड्यापेटीपेक्षाही लहान झाले आणि पिस्तुलाच्या पाठीवर जाऊन बसले.

तेव्हा भाच्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. चाळिशी लागलेल्या डोळ्याला या साधनाने खरोखर आराम मिळतो. अर्जुनाप्रमाणे पक्ष्याच्या डोळ्याकडेच पाहण्याची मुभा मिळते. संकटाच्या क्षणी माणसाची नजर संकटावर खिळते, माशीवर नव्हे. ही मानवी प्रवृत्तीही येथे आड येत नाही. म्हणूनच अनेक देशांच्या पोलिसांनी आणि सैनिकांनी ते स्वीकारले. आपल्याकडेही २०२१ साली जाहीर झालेल्या 'अस्मी' या यंत्रपिस्तुलाच्या पाठीवर असे साधन बसविण्याची पट्टी आहे. त्याच्या रचनेत महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेचा वाटा आहे.

एवढ्यावर 'बसवा' असे सांगून मोकळे होता आले असते. परंतु जमेची बाजू वाचून कोणी हिशेब पुरा करीत नाही.

पहिली खर्चाची बाब ही की, ठिपका डोळ्याची उणीव भरून काढतो, हाताची काढीत नाही. उलट हाताचा कंप तो मोठा करून दाखवितो. नवशिका माणूस तो थरथरणारा ठिपका पाहून बिचकतो आणि तो मध्यावर येताक्षणी चाप झटक्याने ओढतो. त्या झटक्याने नळी खाली जाते. चाप सावकाश, सरळ मागे दाबण्याची विद्या ज्याला आली नाही, त्याला ठिपका ती देऊ शकत नाही.

दुसरी बाब शोधाची. उघड्या माशीचा एक गुण असा की, हात वाकडा आला तरी ती दिसते आणि किती वाकडा आला ते सांगते. ठिपका हात वाकडा असला तर काचेत दिसतच नाही. रिकामी काच घेऊन माणूस ठिपका शोधत बसतो आणि मोलाचे क्षण जातात. हात दर वेळी त्याच जागी, त्याच कलाने येण्यासाठी महिनोन् महिने सराव लागतो. तो सराव रिकाम्या शस्त्राने करायचा असतो आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची असतात.

तिसरी बाब ठिपक्याच्या आकाराची. ठिपका कोनाच्या कलांत मोजतात. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. तीन कलांचा ठिपका २५ मीटरवर सुमारे २२ मिलिमीटर जागा झाकतो, सहा कलांचा ४४ मिलिमीटर. २५ मीटरच्या अचूक नेमाच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचे वर्तुळच मुळी ५० मिलिमीटरचे असते. मोठा ठिपका चटकन सापडतो, लहान ठिपका बारीक नेम देतो. दोन्ही गुण एकत्र मिळत नाहीत.

चौथी बाब डोळ्याचीच. पुष्कळांच्या डोळ्याला तिरका नंबर असतो. अशा डोळ्याला हा ठिपका गोल दिसत नाही. स्वल्पविरामासारखा, नाही तर पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. दुकानदार म्हणतो काच चांगली आहे, आणि ते खरेही असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. तेथे ठिपका गोल दिसला आणि डोळ्याला फाटका दिसला, तर दोष डोळ्यात आहे असे समजावे आणि नेत्रवैद्यांकडे जावे.

पाचवी बाब आपल्या हवेची. आषाढात गार केलेल्या मोटारीतून बाहेर पाऊल टाकले की चष्म्यावर वाफ धरते, हा आपला रोजचा अनुभव. त्या काचेवरही तशीच धरते. बॅटरी संपते, स्क्रू धक्क्याने सैल होतात, काचेवर धूळ बसते. लोखंडाच्या माशीला यांपैकी काहीच होत नाही. जाणते लोक ठिपक्याबरोबर उघडी माशीही ठेवतात ती याच कारणाने.

आता खेळाकडे वळू. आमच्या स्नेह्यांचा भाचा नेमबाजी शिकू पाहतो, म्हणून हा भाग त्याच्यासाठी. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत पालेमबांग येथे पुन्हा सुवर्ण मिळविले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अंतिम फेरीत थायलंडच्या प्रतिस्पर्धी खेळाडूशी गुण सारखे झाले आणि जादा फेरी दोनदा घ्यावी लागली. या प्रकाराच्या वेगवान भागात लक्ष्य तीन सेकंद समोर येते, सात सेकंद जाते. दर वेळी हात खालून वर आणायचा, माशी खाचेत बसवायची आणि एकच गोळी झाडायची. हे सारे उघड्या माशीने. ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तूल प्रकारांत ठिपका, भिंग किंवा दुर्बीण चालत नाही. चष्म्यात नंबराचे भिंग मात्र चालते.

म्हणजे त्या खेळाडूपुढे प्रश्नच उरत नाही. नियमाने तो सोडविलेला आहे. दुसऱ्या एका प्रकारच्या स्पर्धेत, जेथे धावत जाऊन अनेक लक्ष्यांवर नेम धरतात, तेथे ठिपक्याला मुभा आहे आणि त्याचा स्वतंत्र गट आहे. एकच पिस्तूल, पण एका मैदानात साधन शास्त्रशुद्ध आणि दुसऱ्यात अपात्र. धनुर्विद्येतही हेच आहे. नागपूरच्या ओजस देवतळे याने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्याच्या कंपाउंड धनुष्याला भिंग लावता येते. ऑलिंपिकमध्ये आजवर चालत आलेल्या रिकर्व्ह धनुष्याला लावता येत नाही. म्हणून ओजसचा पराक्रम कमी होत नाही, आणि रिकर्व्हवाल्यांचा वाढत नाही. भिंग असूनही पंधरा बाण पंधरा वेळा तसेच सोडावे लागतात. तेव्हा भाच्याने आधी कोणत्या मैदानात उतरायचे ते ठरवावे. साधनाचा निर्णय आपोआप होईल.

राहिली कायद्याची आणि शस्त्राच्या घडणीची गोष्ट. आपल्या देशात शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. परवान्यावाचून शस्त्राची दुरुस्ती करणे, त्याचे रूप पालटणे हा त्याखाली गुन्हा आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडून भोक पाडून घेणे हा मार्ग बंद समजावा. आपल्या परवान्यातील शस्त्रात काही फेरफार करायचा झाला तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारावे आणि काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. शिवाय सर्व पिस्तुले या साधनासाठी घडविलेली नसतात. नव्या पिस्तुलांपैकी काहींच्या पाठीवर त्यासाठी जागा कापलेली असते. आमच्या स्नेह्यांच्या रिव्हॉल्व्हरला वरच्या पट्टीत कोरलेली एक चर आहे, तीच खाच. त्या पट्टीखाली काडतुसांचे चक्र असते आणि गोळी सुटताना तिच्यावर ताण येतो. तिला भोके पाडणे म्हणजे विहिरीच्या काठाचा दगड काढून ओट्याला लावणे.

इतका विचार झाल्यावर आम्ही स्नेह्यांना सांगितले, "भाऊ, ठिपक्याचं नंतर पाहू. आधी डोळे तपासून घेऊ." नेत्रवैद्यांना सगळी हकीकत सांगितली. हाताच्या टोकाचे अंतर मोजले, ६५ सेंटिमीटर भरले. दूरच्या नंबरात सुमारे दीडची भर घातली की त्या अंतरावरची वस्तू स्वच्छ दिसते, हे भिंगाचे साधे गणित. त्यांनी चाचणीच्या चौकटीत भिंग घातले, स्नेह्यांनी हात पुढे करून अंगठ्याचे नख पाहिले आणि लहान मुलासारखे हसले. "दिसतंय की हो सगळं!" साधनाच्या किमतीच्या मानाने हा खर्च काहीच नव्हता.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. चष्मा आल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर एका अधिकृत नेमबाजी केंद्रावर गेलो. शिक्षकांनी विचारले, "शेवटची गोळी केव्हा झाडली होती?" स्नेह्यांना आठवेना. बरेच आठवून त्यांनी सांगितले की, शस्त्र घेतले त्या वर्षी. दहा मीटरवर कागद लावला. माशी आता स्वच्छ दिसत होती. पाच गोळ्या झाडल्या. दोन कागदावर होत्या, त्याही कडेला. तीन कागदाच्या बाहेर, मागच्या मातीच्या भरावात.

येताना गाडीत ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, त्या तीन गोळ्या रस्त्यावर असत्या तर?" आम्ही काही बोललो नाही. उत्तर त्यांनाही ठाऊक होते. रस्त्याला मातीचा भराव नसतो. तेथे पानटपरी असते, शाळेतून परतणारी पोरे असतात.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. तांबडा ठिपका बसवावा की नाही, हा प्रश्न विचारण्यापूर्वी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. कायदा आणि खेळाचा नियम परवानगी देतो का? शस्त्राची घडण त्यासाठी आहे का? डोळ्याचे काम साध्या चष्म्याने भागते का? आणि सराव करण्याची तयारी आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' आले तर विषय संपला. तिसऱ्याचे 'होय' आले तर पैसे वाचले. या तिन्हींतून पार पडून चौथ्याचे उत्तर मनापासून 'होय' असेल, तर ठिपका जरूर बसवावा. उतारवयातील डोळ्याला त्याच्यासारखा सोबती नाही. आणि चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर ठिपकाही नको, चष्माही नको. मग विचार शस्त्राचाच करावा लागतो. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या आणि हाताला सवय नसलेल्या शस्त्राने घरात सुरक्षितता येत नाही. सुरक्षित असल्याचा भ्रम तेवढा येतो, आणि भ्रमाची किंमत शेजाऱ्यालाही मोजावी लागते.

आमच्या स्नेह्यांनी त्यानंतर महिनाभर विचार केला. त्यांच्या व्यवहारातील बराचसा पैसा आता बँकेतूनच जातो; रोकड घेऊन फिरण्याचे दिवस मागे पडले आहेत, हेही त्यांनीच आम्हांला सांगितले. दिवाळीच्या आधी त्यांनी रिव्हॉल्व्हर रीतसर जमा केले. नवा चष्मा मात्र त्यांनी ठेवला आहे. तो नेमका हाताच्या अंतराचा असल्याने वहीखाते लिहायला फार सोयीचा पडतो, असे ते म्हणतात. भाचा नेमबाजी शिकतो आहे, उघड्या माशीने. परवा तो भेटला तेव्हा आम्ही विचारले, काय दिसते? तो म्हणाला, "माशी, गुरुजी. नुसती माशी."